वाचकांचे प्रश्न : यानाकाला अर्धा दिवस पुरतो का?

मागच्या अंकात टोकियोबद्दलच्या एका उत्तरात मी यानाकाचं नाव घेतलं होतं, एवढंच लिहिलं होतं की शिबुया-शिंजुकूची गर्दी बघून झाली की एक अर्धा दिवस या जुन्या वस्तीत चालायला ठेवा. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. टोकियोत मी सात वर्षं राहिले, त्यातली चार यानाकापासून चालत वीस मिनिटांवर, रविवारची भाजी आणायला पण तिकडेच जायचे, त्यामुळे जे सांगतेय ते पायाखालचं सांगतेय.

पाच दिवस टोकियो आणि तीन दिवस क्योतो असा प्लॅन आहे. जुनं जपान क्योतोत बघणारच आहोत, मग टोकियोत परत जुनी वस्ती कशाला? यानाकात नेमकं जुनं काय आहे? – वाचक, पुणे

क्योतो बघाच, त्याबद्दल वादच नाही. पण टोकियोत जुनं काही उरलंय हीच मोठी गोष्ट आहे, कारण हे शहर बावीस वर्षांत दोनदा जळून गेलंय. 1 सप्टेंबर 1923 ला कांतोचा भूकंप झाला, दुपारच्या स्वयंपाकाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या, घरं सगळी लाकडाची, भूकंपापेक्षा आगीनंच जास्त माणसं नेली. आणि मग 10 मार्च 1945 ची रात्र, अमेरिकन विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले आणि एका रात्रीत एक लाखाच्या आसपास लोक गेले. त्यामुळे आज टोकियोत तुम्ही मैलोन्मैल फिरलात तरी बहुतेक सगळं युद्धानंतरचं दिसतं. यानाका या दोन्ही वेळा बऱ्यापैकी वाचलं. पूर्ण नाही, इथेही बॉम्ब पडले, पण गल्ल्यांचा नकाशा राहिला, देवळं राहिली, लाकडी घरं राहिली.

देवळं इतकी का, तर त्याचं कारणही आगच. 1625 मध्ये शेजारच्या उएनोच्या टेकडीवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, कानएइजी हे मोठं देऊळ उभारलं, त्याच्या आधाराने आजूबाजूला लहान देवळं आली, आणि 1657 च्या मेइरेकीच्या आगीत अर्ध्याहून जास्त एदो, म्हणजे तेव्हाचं टोकियो, जळालं त्यानंतर शहराच्या मधली बरीच देवळं उचलून इकडे कडेला आणली. आज एवढ्याशा यानाकात सत्तरच्या आसपास देवळं आहेत. एक गल्ली संपेपर्यंत तीन-चार लागतात, आणि ती तिकीट काढून बघायची देवळं नाहीत, त्या त्या घराण्यांची, शेजाऱ्यांची देवळं आहेत, दारात पुजाऱ्याची सायकल उभी असते, मागे कपडे वाळत असतात. मला म्हणूनच ही वस्ती जीवापाड आवडते. क्योतोच्या देवळात तुम्ही पाहुणे असता, इथे तुम्ही कुणाच्या तरी आळीत आलेले असता.

अजून एक गोष्ट सांगते जी गाइडबुकात पटकन सापडत नाही. यानाका, नेझू आणि सेंदागी या तीन लागून असलेल्या वस्त्यांना मिळून आता सगळे ‘यानेसेन’ म्हणतात, पण हे नाव जुनं नाही. 1984 मध्ये इथे राहणाऱ्या तीन बायकांनी, तिघीही लहान मुलांच्या आया, एक छोटं स्थानिक मासिक काढलं आणि तिन्ही वस्त्यांच्या नावांचे तुकडे जोडून हे नाव रूढ केलं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की इथे आधी काय होतं, नदी कुठून जायची, टोफूवाला कुठे बसायचा, आणि ते छापायचं. 2009 पर्यंत चालवलं त्यांनी ते. जुनी घरं पाडायला निघाली की लोक जागे व्हायला लागले त्यात या मासिकाचा मोठा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. मासिकात लिहिणारी बाई म्हणून मला याचा फार अभिमान वाटतो, म्हणून आधी हे सांगितलं.

कुठून सुरुवात करायची? नेटवर सगळे निप्पोरी स्टेशनला उतरा म्हणतात. – वाचक, ठाणे

मी उलटं सांगते. पाय धड असतील तर नेझूपासून सुरू करा आणि निप्पोरीला संपवा, दुपारी निघा, सकाळी नको. कारण या चालण्याचा शेवट यूयाके-दानदान या पायऱ्यांवर व्हायला हवा, नावाचाच अर्थ संध्याकाळच्या लाल आभाळाच्या पायऱ्या, आणि सूर्य समोर मावळतो. सकाळी दहाला त्या पायऱ्यांवर उभं राहिलात तर त्या नुसत्या पायऱ्या आहेत.

तर मेट्रोच्या चियोदा लाइनने नेझू स्टेशन. तिथून सहा-सात मिनिटांवर नेझूचं शिंतो देवस्थान. आत्ताची इमारत 1706 ची आहे, पाचवा शोगुन त्सुनायोशी याने बांधलेली, आणि एवढ्या वर्षांत गाभाऱ्यापासून दरवाजापर्यंत सगळं टिकलंय हे टोकियोत दुर्मिळ. शेजारी टेकाडाच्या कडेने छोट्या लाल तोरींची म्हणजे कमानींची रांग आहे, इतक्या बुटक्या की जरा वाकूनच चालावं लागतं. एप्रिलमध्ये गेलात तर इथे अझेलियाची हजारो झुडपं फुललेली असतात, बागेला थोडं तिकीट असतं, तेव्हा गर्दीही असते. आणि एक जागा शोधा, तिथे सहाव्या शोगुनची वार पुरलेली आहे, त्याचा जन्म याच आवारात झाला होता. आपल्याकडे खेड्यात बाळाची वार पुरायची पद्धत कित्येकांनी आजीकडून ऐकलेली असेल. जपानमध्ये ती पुरून वर दगड रचून तीनशे वर्षं सांभाळलीय.

मग कोतोतोई रस्त्याने चढ चढून वर या. वरच्या कॉर्नरला पिवळ्या पाटीचं कायाबा कॉफी, घर 1916 चं, कॉफीचं दुकान 1938 पासून, मधे 2006 ला बंद पडलं होतं, जुन्या घरांसाठी झटणाऱ्या लोकांनी डागडुजी करून 2009 ला परत सुरू केलं. त्याच्या समोरच एक जुनं दारूचं दुकान आहे, 1910 चं, योशिदाया नावाचं, 1986 ला ते जसंच्या तसं इथे हलवून म्युझियम केलंय. फुकट आहे, आत दारूची पिंपं, मापटी, तराजू, दहा मिनिटं पुरतात. जवळच एक सार्वजनिक न्हाणीघर होतं, जुन्या वळणाचं, कौलारू, उंच धुराड्याचं, तिथे 1993 पासून आधुनिक चित्रांची गॅलरी आहे. चित्रं कळो न कळो, आत डोकावून या, वरून उजेड कसा पडतो ते बघा.

इथून गल्लीत शिरलात की दोन-तीन मिनिटांवर तीन रस्ते मिळतात आणि मधोमध एक अवाढव्य झाड उभं आहे. हे झाड आपलं आहे. देवदार! जपानी लोक त्याला हिमालया-सुगी म्हणतात. पायाशी मिकादो नावाचं एवढंसं ब्रेडचं दुकान, त्या घरातल्या आधीच्या पिढीतल्या कुणीतरी कुंडीत लावलेलं रोप होतं म्हणे, कुंडी फोडून ते जमिनीत गेलं आणि आता दुकान त्याच्या बुंध्याला टेकल्यासारखं दिसतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ऑफिसातून फार वैतागून आले होते, त्या झाडाखाली उभी राहिले आणि एकदम मनालीला लहानपणी गेलो होतो तो वास आला. नंतर जेव्हा जेव्हा घरची आठवण यायची तेव्हा मी तिथे जाऊन यायचे.

पुढे कानोनजी देवळाची भिंत. माती आणि कौलं एकावर एक थर देऊन रचलेली, एदो काळातली, साधारण 37 मीटर लांब. हात लावू नका पण जवळ जाऊन बघा, कौलांच्या कडा मातीतून बाहेर आलेल्या, भाकरीच्या चवडीसारख्या. भूकंपात काही भाग पडला, तरी बरीच राहिली.

तिथून असाकुरा म्युझियम. असाकुरा फुमिओ (1883–1964) हा मोठा शिल्पकार, त्याने स्वतः आराखडा करून 1935 ला बांधून घेतलेलं घर आणि स्टुडिओ. मला विचाराल तर अख्ख्या चालण्यात पैसे देऊन बघायची ही एकच जागा, 500 येन. बूट काढावे लागतात, मोजे घालून जा. बाहेरून काळी काँक्रीटची इमारत आणि आत शिरलं की मधे पाण्याची बाग आणि चारी बाजूंनी लाकडी खोल्या, ज्या खोलीत बसाल तिथून पाणी वेगळं दिसतं. स्टुडिओत जमिनीखाली जाणारी विजेची लिफ्ट आहे, मोठा पुतळा करताना शिल्पकार शिडीवर चढण्याऐवजी पुतळाच खाली उतरवायचा. आणि त्याने मांजरांची शिल्पं केलीत, एक मांजर मानगुटीला धरून उचललेलं आहे, त्याची कातडी कशी ताणली गेलीय, मागचे पाय कसे लोंबतायत, ते बघताना आपल्याच हातात वजन लागतं. त्याचा गाजलेला पुतळा ‘स्मशानाचा राखणदार’ 1910 चा, मॉडेल म्हणून उभा राहिलेला म्हातारा इथल्याच तेन्नोजी देवळाच्या स्मशानात कामाला होता. म्हणजे पुतळा बघून दहा मिनिटं चाललात की तो म्हातारा जिथे काम करायचा तिथे पोचता. मग स्मशान, मग पायऱ्या, मग पायऱ्यांखालचा यानाका गिंझा बाजार.

सगळं मिळून अंतर साडेतीन-चार किलोमीटर, वेळ चार ते पाच तास. पुरतो अर्धा दिवस. एकच लक्षात ठेवा, डिसेंबरात टोकियोत साडेचारलाच सूर्य मावळतो, जूनमध्ये सातला, त्या हिशोबाने निघा.

तुम्ही स्मशानात फिरायला सांगता! आमच्याकडे स्मशानातून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नाहीत. सासूबाई बरोबर आहेत. हे टाळून फिरता येईल का? – वाचक, सातारा

टाळता येईल. पण मी मनापासून सांगते की टाळू नका, आणि सासूबाईंना तर नक्की न्या.

आपल्या मनात स्मशान म्हणजे चिता, धूर, रडारड. यानाकात तसलं काही नाही. दहन शहरात दुसरीकडे होतं, इथे फक्त अस्थी दगडाखाली ठेवलेल्या असतात. 1874 पासूनचं हे सार्वजनिक स्मशान आहे, आधी ही जमीन तेन्नोजी देवळाची होती, मधून सरळ रस्ता जातो त्याला साकुरा-दोरी म्हणतात कारण दोन्ही बाजूंना चेरीची झाडं आहेत, आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिथे डोक्यावर फुलांचं छत होतं. शाळेतली पोरं त्याच रस्त्याने घरी जातात, बायका सायकलवर भाजी घेऊन जातात. साधारण 7,000 थडगी आहेत. परत आल्यावर सासूबाईंना आंघोळ करायची असेल तर करू दे की, हॉटेलात गरम पाणी आहे, त्यांच्या मनाची शांती महत्त्वाची.

आता का न्यायचं ते सांगते. थडग्यांच्या मागे लाकडाच्या लांब पट्ट्या उभ्या केलेल्या दिसतील, माणसाच्या उंचीच्या किंवा त्याहून उंच, वरच्या टोकाला दोन्ही कडांना खाचा पाडलेल्या, वाऱ्यावर एकमेकींवर आपटून टकटक वाजतात. त्यांना सोतोबा म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला स्तूप, संस्कृतातून चीनमार्गे गेलेला. आणि त्यांच्यावर काळ्या शाईने लिहिलेली वरची अक्षरं जपानी नाहीतच, ती सिद्धम् लिपी आहे, आपल्या देवनागरीची बहीणच, दोघी ब्राह्मीच्या वंशातल्या. भारतात ती वापरातून गेली, जपानमध्ये बाराशे वर्षं बौद्ध पुजाऱ्यांनी टिकवली. वरून खाली वाचायचं : ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. पंचमहाभूतं. त्या खाचांमुळे पट्टीच्या टोकाचे जे पाच आकार होतात तेही पंचमहाभूतांचेच. माणूस पाचात विलीन झाला एवढंच त्या पट्टीवर लिहिलेलं असतं, खाली त्याचं मरणोत्तर नाव आणि तारीख. घरचे लोक एकोणपन्नासाव्या दिवशी, वर्षश्राद्धाला, आणि दिवस-रात्र समान होतात त्या आठवड्यात नवीन पट्टी आणून उभी करतात. आपल्या पितृपक्षापेक्षा यात फार काही वेगळं आहे असं मला वाटत नाही.

माझे बाबा टोकियोला आले तेव्हा मी त्यांना आधी काहीच सांगितलं नव्हतं. शाळेत संस्कृत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. एका पट्टीसमोर थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. “अगं हा व आहे.” मी म्हटलं हो. मग बोट हवेत फिरवून ते एक एक अक्षर लावायला लागले. व आणि र त्यांना लगेच लागले, ख ला वेळ लागला. शेजारच्या थडग्यापाशी एक आजी लाकडी बादलीतून पळीने दगडावर पाणी घालत होत्या, तिथे थडगं असं धुवायची पद्धत आहे, वरून सावकाश पाणी सोडायचं आणि फडक्याने पुसायचं. त्या आमच्याकडे बघत होत्या. मी त्यांना सांगितलं की बाबांना ही अक्षरं वाचता येतायत, आमच्या देशातली आहेत. त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय होतो, आम्हाला कुणाला माहीत नाही, देऊळवाले लिहून देतात. बाबांनी मराठीतच सांगितलं आणि मी जपानीत सांगत गेले, हे पाणी, हा अग्नी, ही पृथ्वी. आजींनी त्यांच्या नवऱ्याच्या पट्टीवर ‘व’ कुठला ते बोट ठेवून विचारून घेतलं, आणि मग पळीतलं पाणी परत दगडावर घातलं. बाबा त्या दिवशी हॉटेलवर येईपर्यंत फार बोलले नाहीत, आणि परत पुण्याला गेल्यावर सहा महिने दुसरं काही बोलले नाहीत.

बाकी स्मशानात बघायचं म्हणाल तर शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु इथे आहे. 1867 ला सत्ता सम्राटाला परत दिली, 1913 ला गेला, त्याचं थडगं दगडांनी मढवलेला गोल उंचवटा आहे, कुंपणाबाहेरून बघायचं. आणि तरुणपणी त्याच्याच पदरी नोकरीला असलेला शिबुसावा एइइची पण इथेच आहे, ज्याने पुढे जपानची बँक-उद्योगांची घडी बसवली. जुलै 2024 पासून निघालेली दहा हजार येनची नोट खिशात असेल तर काढून बघा, त्यावर तोच आहे. साकुरा-दोरीच्या मध्यावर कुंपणात नुसते चौथऱ्याचे दगड दिसतील, तिथे 34 मीटर उंच पाचमजली पॅगोडा होता, 1791 चा. आगी, भूकंप, युद्ध सगळ्यातून वाचला आणि जुलै 1957 मध्ये एका जोडप्याने त्यात आत्महत्या केली त्या आगीत गेला. परत बांधला नाही. तेन्नोजीच्या अंगणात मात्र 1690 ची काशाची बुद्धमूर्ती आहे, उघड्यावर, शांत, तिच्यासमोर बसायला सासूबाईंना नक्की आवडेल.

आणि जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांत जाणार असाल तर यानाका-उएनोमधली सात भाग्यदेवतांची यात्रा करा, सात देवळं, पायी. त्यातली बेनझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, आणि तेन्नोजीतला बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. महाकालाचा तिथे हसरा, तांदळाच्या पोत्यांवर उभा राहिलेला देव झालाय, उज्जैनहून आलेल्या माणसाला ओळखू येणार नाही!

मुलगा निशी-कसाईला राहतो, आम्ही दोघं सत्तरीकडे झुकलोय, ह्यांचा गुडघा दुखतो. सुट्टी नसल्याने मुलगा बरोबर येणार नाही. जमेल का? – वाचक, कोल्हापूर

ताई, जमेल, पण वर ठाणेकरांना सांगितलेला रस्ता तुम्ही धरू नका, नेझू खोलगट भागात आहे आणि चढ लागतो. तुम्ही निप्पोरीला उतरा. निशी-कसाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथे चियोदा लाइनमध्ये बदलून निशी-निप्पोरी, मग जेआर रेल्वेने एक स्टेशन. लिफ्ट सगळीकडे आहे, शोधावी लागते, पाटीवर लिफ्टचं चित्र बघत चला, घाई करू नका. निप्पोरीहून हलका चढ आहे, एकदा वर आलात की तेन्नोजी, साकुरा-दोरी, कानोनजीची भिंत हे सगळं जवळपास सपाटीवर आहे. स्मशानात बाक आहेत, टॉयलेट आहे. असाकुरा म्युझियम तुम्ही सोडलंत तरी चालेल, आत जिने आहेत आणि बूट काढणं-घालणं गुडघ्याला जड जातं.

यूयाके-दानदानच्या 36 पायऱ्या उतरायच्याच नाहीत. वरूनच बघायचं, वरूनच छान दिसतं, खाली बाजाराची गल्ली आणि समोर आभाळ. तिथून निप्पोरी स्टेशन पाच मिनिटांवर. दमलात तर मेगुरिन नावाची छोटी बस या भागातून फिरते, 100 येन. आणि काठी असेल तर न्या, लाजू नका, जपानमध्ये सत्तरी म्हणजे कुणी म्हातारं समजत नाहीत, तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या आजी तिथे एकट्या बाजार करताना दिसतील.

आम्ही पूर्ण शाकाहारी. यानाका गिंझाचे सगळे व्हिडिओ मांसाच्या कटलेटचे आहेत. आम्ही काय खायचं? – वाचक, जळगाव

ते मेन्ची-कात्सु, गोमांस आणि डुकराचं मांस असतं त्यात, तिकडे फिरकू नका. त्याच तेलात बटाट्याचं कटलेट तळत असतील, त्यामुळे तेही नको. जपानमध्ये शाकाहाराची खरी अडचण दिसणारं मांस नसून दाशी आहे, म्हणजे वाळवलेल्या माशाचा काढा, तो आमटीत, नूडलच्या रश्श्यात, कधी भाजीतही असतो आणि बनवणाऱ्याला स्वतःला ते मांसाहारी वाटत नाही. म्हणून नुसतं व्हेज म्हणून विचारू नका, ‘निकु नाशि, साकाना नाशि, दाशि नाशि’ असं विचारा, मांस नाही, मासा नाही, दाशी नाही.

गोडाचं मात्र सुख आहे. नेझूत ताइयाकीचं एक जुनं दुकान आहे, तयार माल संपला की बंद करतात, दुपारी लवकर जा. ताइयाकी माशाच्या आकाराची असते म्हणून घाबरू नका, आत मासा नाही, पुरण आहे! अझुकी नावाचे लाल चवळीसारखे बारीक दाणे शिजवून साखर घालून घोटलेलं, आपलं पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, त्यांचं अझुकीचं, एवढाच फरक, वेलची-जायफळ नाही. लोखंडी साच्यात भाजतात, कडा कुरकुरीत, शेपटीपर्यंत पुरण गच्च. हातात घेतली की कागदातूनही चटका बसतो, पहिला घास डोक्याकडून घ्या. पिठात अंडं आहे का ते ‘तामागो?’ म्हणून विचारून घ्या. उन्हाळ्यात यानाका गिंझाजवळ हाताने चाक फिरवून किसलेल्या बर्फाचं दुकान आहे, हिमित्सुदो, रांग मोठी असते, पण आपल्या गोळ्यापेक्षा बर्फ इतका बारीक की जिभेवर नुसता विरघळतो, फळांचा रस घट्ट. सेंदागीच्या उतारावर 1875 पासूनचं चौकोनी सेनबेई म्हणजे तांदळाच्या खारट-कुरकुरीत चकत्यांचं दुकान आहे, घरी न्यायला ते उत्तम.

जेवणाचं मी स्पष्ट सांगते, सकाळी हॉटेलवरून दशम्या-चटणी किंवा जे काही आणलं असेल ते बरोबर ठेवा. फक्त स्मशानात बसून खाऊ नका, आणि बाजारात चालता चालता खाणं तिथे बरं दिसत नाही, दुकानासमोरच उभं राहून संपवा आणि कागद दुकानदाराकडेच परत द्या, रस्त्यावर कचऱ्याचे डबे नसतात. छोट्या दुकानांसाठी सुटी कॅश लागतेच.

आमच्याकडे मोकळा दिवस फक्त सोमवार आहे. चालेल? – वाचक, नाशिक

शक्य असेल तर बदला. असाकुरा म्युझियम सोमवार आणि गुरुवार बंद, गॅलरी रविवार-सोमवार बंद, दारूच्या दुकानाचं म्युझियम सोमवारी बंद, यानाका गिंझातली बरीच दुकानंही सोमवारी शटर खाली. मंगळवार, बुधवार, शुक्रवार सगळ्यात चांगले, शनिवारी गर्दी पण चालतं. सोमवारच असेल तर नेझूचं देवस्थान, देवदार, भिंत, स्मशान आणि पायऱ्या एवढं करा, ते कुठल्याच वारी बंद नसतं.

गाइडसोबतची हाफ-डे टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं? – वाचक, बंगळुरू

जपानी येत नसेल आणि इतिहासात रस असेल तर चांगला गाइड सोनं आहे, पण आधी एकच प्रश्न विचारा, ग्रुप किती जणांचा? सहा-आठपेक्षा जास्त असेल तर घेऊ नका. मी एकदा घरच्या पाहुण्यांसोबत एका कंपनीच्या टूरला गेले होते, पंचवीसेक लोक, गाइडच्या हातात झेंडा आणि गळ्यात स्पीकर. साकुरा-दोरीजवळ एका कुटुंबाचा काहीतरी विधी चालू होता, काळे कपडे घातलेली आठ-दहा माणसं, पुजारी मंत्र म्हणतायत, आणि आमचा गाइड त्यांच्या पाठीमागे उभं राहून शोगुनची गोष्ट स्पीकरवर सांगतोय, लोक फोटो काढतायत. त्या कुटुंबातल्या एका मुलाने वळून बघितलं आणि नुसती मान खाली घातली. मला आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. मी पाहुण्यांना घेऊन तिथूनच बाजूला झाले. इथल्या गल्ल्या दोन माणसं शेजारी चालतील एवढ्याच आहेत, लोकांच्या खिडक्या हाताच्या अंतरावर आहेत, दारात कुंड्या मांडलेल्या असतात त्या त्यांची बाग असते. पंचवीस जणांसाठी ही जागाच नाही.

स्वतः फिरणार असाल तर मोबाइलवर मॅप असू द्या पण सेंदागीच्या बाजूला हेबी-मिची म्हणजे सापाची वाट लागली की मॅप बंद करा. ती गल्ली सारखी डावी-उजवी वळते कारण खाली नदी आहे, आइझोमे, ती झाकून वर रस्ता केलाय आणि नदीची वळणं तशीच राहिलीत. आजही दोन वॉर्डांची हद्द त्याच वळणांनी जाते. डावी बाजू एका वॉर्डात, उजवी दुसऱ्या.

ऑगस्टमध्ये कॉन्फरन्ससाठी जातेय, एकच संध्याकाळ मोकळी आहे. यानाकात मांजरं खूप दिसतात असं ऐकलंय, खरं का? – वाचक, मुंबई

पूर्वी खूप होती, आता खरी मांजरं कमी झालीत, स्मशानाच्या कडेला ऊन असेल तिथे एखादं दिसतं. पण यानाका गिंझाच्या गल्लीत सात लाकडी मांजरं ठेवलीत, पत्र्यावर, छपराच्या कडेला, मान वर करून शोधावी लागतात. गल्ली जेमतेम 170 मीटर आहे, दुकानं साठ-सत्तर, पायऱ्यांकडून शिरा आणि दोन्ही बाजूंनी वर बघत चला.

आणि ऑगस्टमध्ये जाताय तर एक गोष्ट फक्त त्याच महिन्यात असते. झेनशोआन नावाचं झेन देऊळ आहे, 1883 चं, तिथे सानयुतेइ एनचो या मोठ्या कथेकऱ्याने जमवलेली भुतांची चित्रं ऑगस्टभर बघायला ठेवतात, रेशमावर काढलेली, केस मोकळे सोडलेल्या, पाय नसलेल्या बायका. एनचो (1839–1900) भुताच्या गोष्टी सांगायचा, एकट्याने गादीवर बसून, हातात फक्त पंखा. चित्रं दिवसाच बघायला मिळतात, संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे कॉन्फरन्समधून जरा लवकर निघता आलं तर आधी तिथे जा, मांजरं सहानंतर शोधली तरी चालतील, ऑगस्टात साडेसहापर्यंत उजेड असतो.